दाराबाहेरचा हुंकार

भाषांच्या नोंदी करते म्हटलं की लोकांचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो. "मग तुम्हाला किती भाषा येतात?" लग्नात विचारतात, विहारात विचारतात, दवाखान्यात नंबर लावून बसलं तरी विचारतात. सुरुवातीला मी नीट समजावून सांगायची, की बाबांनो, माझं काम भाषा बोलायचं नाही, दुसरे बोलतात ती लिहून ठेवायचं आहे. समोरच्याचा चेहरा पडायचा. मग मी 'सात' असं ठोकून द्यायला लागले. सात म्हटलं की लोक खूश होतात. नोकरीभर ही थाप पचली.

या अंकाच्या संपादकांनी फोनवर सांगितलं, "मॅडम, तुमच्या कामातले गमतीदार अनुभव द्या. खेड्यापाड्यांतले. वाचकांना आवडतं." गमतीदार अनुभव आहेत, एक-दोन सांगून टाकते. त्यानंतर मला जे सांगायचं आहे त्यात गंमत नाही. ते छापायचं की नाही, हे त्यांनी ठरवावं.

आधी काम काय ते सांगते. एखादी बोली बोलणारी माणसं हाताच्या बोटांवर आली की आम्ही तिथे पोचतो. त्याआधी सहसा कोणी पाठवत नाही. जवळ शब्दांची यादी असते: डोकं, डोळा, पाणी, आग, आई, बाप. ती संपली की वाक्यांची यादी. मी जेवतो, मी जेवलो, मी जेवलो असतो. त्यातून व्याकरण काढायचं. मग गोष्टी, गाणी, भांडणं, जे मिळेल ते यंत्रावर घ्यायचं आणि परत येऊन शब्दन् शब्द कागदावर उतरवायचा. ऐकायचं, थांबवायचं, मागे न्यायचं, परत ऐकायचं. पाच मिनिटांच्या गोष्टीत कधी अख्खा दिवस जातो. माझ्या नवऱ्याला शेवटपर्यंत कळलं नाही की ही नोकरी आहे की शिक्षा.

यादीतली वाक्यं शहरात खुर्चीवर बसून केलेली असतात, तिथेच पहिला घोळ होतो. इगतपुरीकडच्या एका म्हाताऱ्याला मी विचारलं, "'माझ्या भावाचं घर जळलं' हे तुमच्या बोलीत कसं म्हणता?" तो म्हणाला, "नाय जळलं." म्हटलं, तसं नाही बाबा, समजा जळलं. "कशापायी जळंल? आत्ता तं मी तिथूनच आलो." मी भावाला सोडून शेजाऱ्याचं घर घेतलं. तर म्हातारा उठला आणि त्याने शेजाऱ्याला हाक मारून सांगितलं, की ही बाई तुझ्या घराबद्दल काय वंगाळ बोलती ते ऐक. त्या गावचा भूतकाळ माझ्या वहीत कोराच राहिला.

सटाण्याला एका कांदा व्यापाऱ्याकडे गेले होते, अहिराणीसाठी. गृहस्थ माझ्याशी पुस्तकी मराठीत बोलत होते. आपण बसावं, आपण चहा घ्यावा. अहिराणीचं नाव काढलं तर म्हणाले, आमच्याकडे आता फारसं कोणी बोलत नाही हो. तेवढ्यात त्यांच्या भावाचा फोन आला आणि पंधरा-वीस मिनिटं त्या दुकानात अहिराणीचा नुसता पाऊस पडला. फोन ठेवल्यावर मी त्यांच्याकडे पाहत राहिले. तेव्हा जरा ओशाळून म्हणाले, "मॅडम, हाई काय भाषा शे का? हाई आमनं घरनं बोलनं शे."

मी त्यांना हसले नाही, कारण आमच्या घरात याहून वेगळं नव्हतं. माझी आई सिन्नरकडच्या खेड्यातली. हाय, नाय, लय असं बोलायची. आम्ही नाशिकरोडला कॉलनीत राहायला आलो, मी शाळेत पहिल्या नंबरने पास व्हायला लागले आणि दहा वर्षांची मी आईला सांगायची, "आई, 'हाय' नाही, 'आहे' म्हण." तिने ऐकलं. म्हणजे 'आहे' म्हणायला लागली असं नाही, तर लोकांसमोर बोलणंच कमी केलं. पुढे मी बोलींचा अभ्यास करते हे तिला कळलं तेव्हा म्हणाली, "म्हंजी आता म्या बोललं तं चालंल?" मी तिला जवळ घेतलं.

आता मुख्य गोष्ट. इगतपुरीच्या पश्चिमेला, एका धरणाच्या वरच्या अंगाला एक पाडा आहे. त्या पाड्याचं, तिथल्या जमातीचं नाव इथे देत नाही आणि त्यांच्या बोलीतला एकही शब्द लिहीत नाही. तसा शब्द दिला आहे. त्यांची पोरं मोठ्या गावच्या शाळेत गेली की बाकीची पोरं त्या नावाने हाका मारतात, बोलीची नक्कल करून दाखवतात. "लिवा, पण पेपरात नका देऊ," एवढीच त्यांची अट होती. ती मी पाळते आहे.

त्या पाड्यावर ठकीआजी राहायची. वय विचारलं तर 'धरणाच्या आधीची' एवढंच सांगायची. कुडाचं घर, वर पत्रा, समोर नाचणीचं उतरतं वावर. घरात तिचा मुलगा काळू आणि सून हिरा. नातवंडं आश्रमशाळेत. आजी घरात बोलीशिवाय दुसरं काही बोलत नसे, माझ्याशी तेवढी मोडक्या मराठीत बोलायची. काळूला सगळं समजायचं, पण उत्तर मराठीत द्यायचा. मला म्हणाला, "ही बोली घिऊन जाऊ कुठं, घोटीच्या बाजारात?" हिरा मात्र आजीशी बोलीतच बोलायची. हिरा सुरगाण्याकडची, तिच्या माहेरी कोकणी, म्हणजे समुद्राकडची नव्हे, तिकडच्या आदिवासींची. लग्न होऊन आली तेव्हा सासूचं काही समजेना आणि सासू काही बदलेना, मग चुलीपुढे बसूनच शिकली. दिवसभर दोघींचं चालू असायचं. भाकरी करपली, कोंबडं सुटलं, अमकीची सून नांदेना, सगळं त्या बोलीत.

पहिल्याच खेपेला मी तक्ता भरला. 'बोलणारे' हा आमच्या तक्त्यातला सगळ्यात महत्त्वाचा रकाना. नियम असा, की ज्याला बोली आईकडून लहानपणी मिळाली तोच मोजायचा. पुढे शिकलेला धरायचा नाही, कारण त्याच्या बोलण्यात आधीच्या भाषेचे खडे असतात. त्या हिशेबाने मला तीन माणसं मिळाली. एक ठकीआजी. दुसरा तिचा दीर, त्याचे दोन्ही कान गेलेले. तिसरी घोटीला मुलाकडे राहायला गेलेली एक म्हातारी, तिला अर्धांगाचा झटका येऊन वाचा गेलेली. रकान्यात मी 'तीन' लिहिलं. हिराच्या नावापुढे लिहिलं: सून, बाहेरून आलेली, मातृभाषा कोकणी. आणि रेघ मारली.

त्या तिघांपैकी एकाला ऐकू येत नव्हतं आणि एकीला बोलता येत नव्हतं. ती बोली त्या पाड्यावर रोज जिच्यामुळे बोलली जात होती, तिच्या नावावर मी रेघ मारली होती. तेव्हा मला त्यात काही चूक दिसली नाही. नियम होता.

आता त्यांच्यातली एक रीत सांगायला हवी. त्या जमातीत गोष्ट एकट्याने सांगत नाहीत. सांगणाऱ्यासमोर हुंकार देणारं माणूस बसावं लागतं. आपल्याकडेही आजी गोष्ट सांगताना 'हं' म्हणायला लावायची, पण तो झोप लागली का हे बघण्यापुरता. त्यांचा हुंकार वेगळा. सांगणारी एक वाक्य सांगून थांबते, समोरची हुंकार देते, मग पुढचं वाक्य. गोष्टीत संकट आलं की हुंकार लांबतो. कोणी मेलं की नाकातून येतो. कोणी फसवायला निघालं की समोरची हुंकार देतच नाही, आणि न देणं हाच तिथला हुंकार. तो चुकला तर गोष्ट मोडते. मोडलेली गोष्ट मधूनच पुढे सांगत नाहीत, परत पहिल्यापासून सुरू करतात. ठकीआजीसमोर हुंकार द्यायला हिरा बसायची.

पहिल्या दिवशी दोघी समोरासमोर बसल्या, मी मधे यंत्र ठेवलं. घरी येऊन ऐकलं तर डोक्याला हात लावला. आजीचं वाक्य संपतं न संपतं तोच वर हिराचा हुंकार. शेवटचा शब्द अर्धा त्याखाली गेलेला. आणि त्या बोलीत क्रियापदाची सगळी गंमत शेवटच्या अक्षरात. शिवाय हिराच्या बांगड्या. मांडीवर सूप घेऊन ती तांदूळ पाखडत होती, त्याचा आवाज. आमच्या धंद्यात स्वच्छ ध्वनिमुद्रणाला फार मान. एका वेळी एक आवाज, मागे शांतता. कोंबड्या हाकलायच्या, पोरं हाकलायची, शेजारच्या घरातला रेडिओ बंद करायला लावायचा. मी ते सगळं करत आले होते.

पुढच्या खेपेला हिराला म्हटलं, "तू नुसती मान हलव." तिने मान हलवली. आजी दोन वाक्यांतच थांबली आणि मला म्हणाली, "ही मुकी झाली का?" मग मला युक्ती सुचली. यंत्राच्या काचेवर आवाजाबरोबर वरखाली होणाऱ्या हिरव्या पट्ट्या होत्या. मी आजीला त्या दाखवल्या. "आजी, तू बोललीस की या हलतात बघ. हे यंत्र तुला हुंकार देतं. हिराची गरज नाही." आजीने बोलून पाहिलं, पट्ट्या हलल्या. गप्प राहिली, पट्ट्या बसल्या. तिला मौज वाटली. मी हिराला म्हटलं, "तू बाहेर बस जरा, बांगड्यांचा आवाज येतो." हिरा सूप उचलून बाहेर गेली.

या युक्तीचा मला फार अभिमान होता. एका परिसंवादात मी ही हकीकत सांगितली तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाहेरून आलेले एक तज्ज्ञ म्हणाले, पाड्यावर घेतलेलं इतकं स्वच्छ ध्वनिमुद्रण क्वचित ऐकायला मिळतं. ते वाक्य मी घरी येऊन नवऱ्याला तीन वेळा सांगितलं.

चार वर्षं दर महिन्याला जात होते. आजी माझी वाट बघायची. आंघोळ करून, केस विंचरून बसलेली असायची. एकदा हिराने सहज सांगितलं, की आता आजी तिला गोष्टी सांगत नाही. विचारलं की म्हणते, बाई येणार हाय, तवा सांगीन. मी आजीला हसत विचारलं, का गं? तर ती गंभीर होऊन म्हणाली, "हिला आधी सांगितली तं गोष्ट उष्टी व्हती. तुझ्या मिशनीला उष्टी कशी देऊ?" केवढा आपल्या कामाचा मान, असं वाटलं मला. त्या घरातून मी काय उचलून नेत होते, ते माझ्या ध्यानातही आलं नाही.

तिसऱ्या वर्षी एका दुपारी आजीने खेकड्याची गोष्ट सुरू केली. तिच्याकडची ही सगळ्यात मोठी गोष्ट, असं काळूने आधीच सांगितलं होतं. डोंगरातलं सगळं पाणी एका खेकड्याने पोटाखाली धरून ठेवलेलं असतं. एक बाई रिकामा हंडा घेऊन त्याच्याकडे पाणी मागायला जाते. खेकडा म्हणतो, देतो, पण एका अटीवर. आणि शेजारच्या वावरात कोणीतरी पाण्याचं इंजिन सुरू केलं. फटफट फटफट. मी हात वर केला. ही आमची थांबण्याची खूण. आजी थांबली. इंजिन काही बंद होईना, मला इगतपुरीची गाडी गाठायची होती. म्हटलं, आजी, पुढच्या खेपेला इथून पुढे सांग. ती म्हणाली, "इथून कशी? मोडली ना ती. पहिल्यापासून सांगावी लागंल."

पुढच्या खेपेला वाक्यांची एक यादी अपुरी होती, ती पुरी केली. त्याच्या पुढच्या वेळी झाडांची नावं. गोष्ट काय, कधीही घेता येईल. चौथ्या वर्षी पावसाळ्यात रस्ता खचला आणि दोन महिने जाता आलं नाही. मग काळूचा फोन आला की आई गेली, पंधरा दिवस झाले. मी सांत्वनाला गेले. हिराने पाणी दिलं, चहा दिला. मी तिच्याशी मराठीत बोलले, तीही मराठीत बोलली. अहवालात मी 'बोलणारे' या रकान्यात तिनाचे दोन केले. त्या बोलीचं व्याकरण पुस्तकरूपाने माझ्या नावावर आलं. त्यावर एक समारंभ झाला, नारळ-शाल मिळाली.

निवृत्तीनंतर हातात वेळ आला म्हणून त्या पाड्यावरची जुनी ध्वनिमुद्रणं परत ऐकायला काढून बसले. या वेळी मुद्दाम मूळची घेतली, संगणकावर साफ न केलेली. कानाला मोठे हेडफोन लावून. हिराला बाहेर बसवल्यानंतरच्या पहिल्या गोष्टीत आजी वाक्य सांगून थांबत होती, दोन क्षण शांतता, मग पुढचं वाक्य. त्या शांततांपुढे मी पूर्वी 'विराम' असं लिहून ठेवलं होतं. आता आवाज वाढवून ऐकलं तर विराम रिकामे नव्हते. खूप लांबून, दाराच्या बाहेरून, हलका हुंकार येत होता. बरोबर जागी. संकटाला लांब, मरणाला नाकातून. हिरा बाहेर बसून हुंकार देत होती. आजी त्या आवाजासाठी थांबत होती. माझ्या हिरव्या पट्ट्यांशी त्याचा काही संबंध नव्हता.

हा आवाज मी तेव्हाही ऐकला होता. खरडवहीत माझ्याच अक्षरात लिहिलेलं सापडलं: 'मागे शेजारचा आवाज, साफ करणे.' मी तो पुसून टाकला होता.

मी पुढची ध्वनिमुद्रणं लावली. सहा-सात महिने दाराबाहेरचा हुंकार होता. नंतर कुठे असायचा, कुठे नाही. दुसऱ्या वर्षी गेला. आजीच्या थांबण्याच्या जागा आधी तशाच राहिल्या, मग लहान होत गेल्या. शेवटच्या वर्षी आजी एका दमात गोष्ट सांगते, शाळेतल्या पोराने धडा म्हणावा तशी, आणि अर्ध्या वेळात संपवते. मी या शेवटच्या वर्षाच्या गोष्टींवरून व्याकरण लिहिलं होतं, कारण त्या सगळ्यात स्वच्छ होत्या. हेडफोन काढून ठेवले. मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

गेल्या हिवाळ्यात हिराला शोधत दिंडोरीला गेले. काळू आणि ती आता पाडा सोडून एका द्राक्षबागेवर कायमचे राहतात. बागेच्या कडेला पत्र्याची खोली. काळू औषध मारायला, ट्रॅक्टरवर. हिरा बायकांच्या टोळीत घडांची विरळणी करायला, म्हणजे दाटीतले मणी बारीक कात्रीने काढून टाकायला. टोळीत बिहारकडच्या बायका, पेठच्या बायका, मुकादम मराठवाड्याचा. सगळ्यांची मिळून एक हिंदी चालते, आणि ती कोणाचीच नाही.

जेवणाच्या सुट्टीत आम्ही बांधावर बसलो. केस पांढरे झाले होते तिचे. मी फोनवर दाराबाहेरच्या हुंकाराचं ते पहिलं ध्वनिमुद्रण लावलं. सासूचा आवाज आला तशी तिने पदर सारखा केला. थोडं ऐकून म्हणाली, "हा तुमचा आवाज हाय का? बाहेर बस म्हनलेला?" तोही तिथे होता, सुरुवातीलाच. म्हटलं, हो, माझाच. पुढे लांबून तिचा हुंकार आला. तिने ओळखला आणि खाली बघून बसली.

मी तिची माफी मागितली. बांगड्यांचं, आवाजावर आवाज येण्याचं, शेवटच्या अक्षराचं सगळं सांगितलं. ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, "मला वाटलं, मी बाहेरची हाय म्हनून काढलं तुमी. त्यांची गोष्ट त्यांच्या जातीच्याच मानसानं ऐकायची आसंल, आसं समजले मी." पुढे म्हणाली, "सासूबी तसंच समजली. मंग मीबी बोलनं कमी केलं. आपलं नाय ते कशाला तोंडात घ्यायचं."

तक्त्यात मी खरोखर तेच लिहिलं होतं.

तिला विचारलं, आता कोणाशी बोलतेस ती बोली? म्हणाली, कोनाशी बोलू? पोरांना येत नाही, काळूला हसू येतं. "कवा कवा शेळीशी बोलते," असं म्हणून ती पहिल्यांदा हसली. तेव्हा मी धीर करून मूळ गोष्टीला हात घातला. खेकड्याची गोष्ट पुरी येते का तुला? ती म्हणाली, "येती की. लग्न झाल्यावर पयली तीच सांगितली व्हती सासूनं. वरसाला एकदा तरी सांगायची." खेकडा काय अट घालतो? ती म्हणाली, तसं मधलंच सांगत नाहीत बाई, पयल्यापासून सांगावी लागंल.

तक्त्यातले ते उरलेले दोघंही एव्हाना गेले होते. जगात आता ती गोष्ट शेवटपर्यंत एकाच माणसाला येत होती, आणि ते माणूस डबा संपवून माझ्यासमोर बांधावर बसलं होतं. म्हटलं, सांग. यंत्र लावत नाही. मी हुंकार देते.

तिने डबा बाजूला ठेवला. मग मांडी घालून माझ्यासमोर बसली, सासू बसायची तशी. आणि त्या बोलीत सुरुवात केली. मी व्याकरण लिहिताना ज्या आडवळणी वाक्यांबद्दल सहकाऱ्यांशी भांडले होते, ती हिरा किती सहज बोलत होती. पहिलं वाक्य झालं, ती थांबली, मी हुंकार दिला. दुसरं झालं, दिला. चौथ्या वाक्याला ती थांबली, मी हुंकार दिला आणि ती पुढे गेलीच नाही.

"काय झालं?"

"तिथं द्यायचा नसतो. ती बाई तिथं खोटं बोलती ना."

मला शब्द सगळे समजले होते. बाई घरून निघताना सासूला सांगते की मी लाकडाला जाते. ती खोटं बोलते आहे हे पुढे कळतं, म्हणून मी सहज 'हं' म्हटलं. ऐकणाऱ्याने ते आधीच ओळखायचं असतं. कशावरून? ते मी हिराला विचारलं. तिने विचार केला आणि म्हणाली, ते काय सांगू, कळतं ते.

ती परत पहिल्यापासून लागली. मी जीव कानात आणून ऐकत होते. चौथ्या वाक्याला गप्प राहिले, ती पुढे गेली. बाई डोंगर चढली. हंडा वाजला. तिला खेकडा दिसला. खेकडा बोलला. इथपर्यंत माझ्याकडे यंत्रावर होतं. पुढचं वाक्य कोणीच लिहून घेतलेलं नव्हतं. ते ऐकायच्या घाईत मी हुंकार जरा आधीच दिला, वाक्य संपायच्या आत. हिरा थांबली.

दूर ओळीच्या टोकाशी मुकादमाने हाळी दिली. सुट्टी संपली होती. टोळीतल्या बायका उठून डबे धुवायला लागल्या. काळूचा ट्रॅक्टर फवारा घेऊन आमच्या बाजूला वळला. मी म्हटलं, हिरा, अजून एकदा. आता नाही चुकणार.

हिरा उठली. साडीला लागलेली माती झटकली आणि खाली ठेवलेली कात्री उचलली. तिला माझा राग आला नव्हता, हे मी शपथेवर सांगते. एखाद्याला चालता येत नसेल तर त्याला आपण जसं सांगू, तशा आवाजात ती म्हणाली, "नाय व्हायचं, बाई. तुमी हुंकार मराठीत देता."

मग ती ओळीत शिरली आणि पेठच्या बाईला हिंदीत काहीतरी सांगायला लागली.